करडगीचं झाकण

शुक्रवार, ९ जानेवारी २०२६

मंगळवारच्या पानावर मी लिहिलंय की उमादेवीकाकूंच्या करडगीचं, म्हणजे गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीचं, झाकण त्यांच्या हातून पडल्यामुळे सैल झालं. हे खरं नाही. मी ते पाहिलं नव्हतं, काकूंना विचारलंही नव्हतं. आप्पा म्हणाले, "पडली आसंल बाईच्या हातून," आणि मी ते डोळ्यांनी बघितल्यासारखं लिहून टाकलं. पान फाडत नाही. इथेच दुरुस्त करते.

आज काकू चाकूरहून स्वतः आल्या. दुकानाच्या पायरीवरूनच त्यांनी आप्पांना हाक मारली, "भीमाशंकर, ही लिंगाची करडगी हाय का मिठाची डबी?"

"वैनी, आधी बसा तरी."

"बसते. तुझं झाकण काय बसंना, मग मीच बसते."

पडली वगैरे काही नव्हती. एसटीत शिरूर ताजबंदच्या पुढे गाडी खड्ड्यात आदळली, झाकण आपोआप उघडलं आणि लिंग घरंगळून पदरात आलं. पदर खोचलेला होता म्हणून खाली पडलं नाही. घरी जाऊन स्वामींना बोलावलं, पूजा झाली, तोवर त्यांनी पाण्याचा घोट घेतला नाही. हे सगळं त्यांनी हसत सांगितलं, पण सांगताना हात सारखा छातीवर जात होता. आता त्यांनी लिंग तात्पुरतं पांढऱ्या फडक्यात बांधून गळ्यात घातलंय.

ती करडगी माझ्या मशीनवर कापलेल्या मेणावरून ओतलेली पहिली वस्तू. 

काकू रागावून निघून जातील असं वाटलं होतं. उलट त्यांनी आप्पांना अजून दोन करायला सांगितल्या. त्यांच्या दोघी नातींची लिंगदीक्षा नऊ फेब्रुवारीला, सोमवारी आहे. "तुझ्या बापानं माझ्या सासूला घडवून दिली होती, ती अजून टकदिशी मिटती. तशी पायजे. हातानं कर न्हाईतर मशीननं कर, मला त्याचं काय न्हाई."

मला वाटलं आप्पा स्वतः पत्रा ठोकून करतो म्हणतील. ते म्हणाले, "पोरगी करंल."

"आन् तू?"

"मी बघून ऱ्हाईन."

हे त्यांनी माझ्यावरच्या विश्वासानं म्हटलं की मला धडा मिळावा म्हणून, हे अजून कळलेलं नाही.

रविवार, ११ जानेवारी

काकूंच्या सासूची, आजोबांनी केलेली करडगी मापासाठी मिळाली. खालचं भांडं अंड्यासारखं, वर टोपीसारखं झाकण. भांड्याचा काठ झाकणाच्या आत जातो आणि तिथेच घट्ट बसतो. सगळी मदार त्या काठावर. काठ केसभर पातळ झाला तरी झाकण डगडगतं.

मशीन पुढच्या खोलीत फ्रिजशेजारी ठेवली आहे. लातूरच्या एका सराफांनी नवा प्रिंटर घेतला म्हणून त्यांची ही जुनी आप्पांनी आणली. दिसायला शिलाई मशीनएवढी. हिरव्या मेणाची वडी बसवायची, कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र द्यायचं, मग सुईसारखं पातं फिरत फिरत ती वडी कोरत जातं. मी मोबाईलवर बघून बघून शिकले. अजून शिकतेच आहे. आज वडी एका बाजूला तिरकी चिकटली होती, ते अर्धं काम झाल्यावर लक्षात आलं. पातं तुटलं. हिरवा भुसा केसात, फ्रिजच्या रबरात, पिठाच्या डब्यावर. अव्वा म्हणाली, "भाकरी हिरवी झाली तर मला बोलू नका."

मेण कापून झालं की ते नांदेडला सुदर्शनकडे जातं. त्याची ओतण्याची भट्टी आहे. मेणाभोवती प्लास्टर, मग भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत चांदी. चांदी थंड होताना आक्रसते, म्हणून मेण जरा मोठं कापायचं. किती मोठं, हेच मला जमत नसावं.

पाठवण्याआधी मेण आप्पा बघतात. साफ करून, कापसात ठेवून, मिठाईच्या डब्यात बांधून नांदेडच्या गाडीत कंडक्टरजवळ ते स्वतः देतात. अव्वा म्हणते, तेवढं तरी त्यांना करू दे.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. अव्वानं गुळाच्या पोळ्या केल्या. आप्पा चुलीजवळ बसून माझ्याशी काठाच्या मापाबद्दल बोलत होते आणि बोलता बोलता त्यांनी तव्याखालची तापलेली लोखंडी पट्टी उचलून बाजूला ठेवली. अव्वा ओरडली. त्यांनी बोटांकडे बघितलं. दोन बोटांवर पांढरे फोड आले होते.

"लक्ष कुठं हाय तुमचं?"

"न्हाई, बोलून राहिलो होतो की."

माझ्यामुळे. त्यांचं सगळं लक्ष माझ्या झाकणात अडकलंय. मी तिळगूळ द्यायला वाकले तेव्हा नेहमीचं "गोड बोल" सोडून त्यांनी नुसतं डोक्यावर हात ठेवला.

शनिवार, १७ जानेवारी

नांदेडहून पहिली जोडी आली. दोन्ही झाकणं सैल. उपडी केली की पडतात.

सुदर्शनला फोन केला. तो म्हणाला, "ताई, तुमचं मेणच पातळ येऊन राहिलं."

"मी मोजून पाठवलंय."

"मग गाडीत उंदरानं खाल्लं म्हणायचं."

"चेष्टा नको हो."

"चेष्टा न्हाई. आलं तसं ओतलं. माझ्या भट्टीला काय काठ खायची सवय न्हाई."

मला राग आला. तो मोजत नसणार, आणि आता माझ्यावर ढकलतोय. पण फोन ठेवल्यावर वाटलं, माझं व्हर्नियरच चुकीचं दाखवत असेल तर? आप्पांच्या जुन्या पितळी मापानं ताडून पाहिलं. बरोबर होतं. मग चूक कॉम्प्युटरवरच्या वाढीची. काठ आणखी जाड करते.

आकडे मला शाळेनं नाही शिकवले. शाळेत घालायच्या आधीच आप्पांनी मला गुंजा मोजायला बसवलं होतं. तांबड्या गुंजांचे ढीग, आणि त्यांचं एकच सांगणं: "डोळा फशिवतो, बोट फशवत न्हाई." पत्र्याचा काठ बघायचा नाही, अंगठा फिरवायचा. माझा अंगठा अजून तेवढा शहाणा झालेला नाही.

मंगळवार, २० जानेवारी

नवी जोडी कापून झाली. अंगठ्याला काठ जाड लागतो, मापालाही जाड आहे.

आप्पांनी हातात घेतली. उजेडाकडे धरली, फिरवली, गालाला लावली. पूर्वी ते काठ अंगठ्यानं बघायचे, आता गालाला लावतात. लहान बाळाला घ्यावं तसं दिसतं. मला हसू आलं.

"लई जाड झालं गं सपे. लेकरांच्या गळ्यात घालायचं हाय, जात्याची पाळी न्हाई."

"ओतल्यावर आक्रसतं आप्पा. मोजून केलंय."

"हाव, हाव. तुझं मोजमाप तुला." मग डबा मागितला. "मी साफ करून देतो गाडीला. कडा खरखरीत ऱ्हायल्यात."

खरखरीत नव्हत्या. तरी डबा दिला.

बुधवार, २१ जानेवारी

दिवसभर वीज येऊन जाऊन. वीज गेली की मशीन आपला शून्य बिंदू विसरते, पुन्हा पहिल्यापासून. आज काही झालं नाही. खूप दमले.

रविवार, २५ जानेवारी

पुन्हा सैल. जाड करूनही सैल. आणि यावेळी एका बाजूला जास्त पातळ, एका बाजूला कमी. म्हणजे आता आक्रसण्याचं कारण देता येत नाही. चांदी एका बाजूनं आक्रसत नसते.

मशीनचा पाट तिरका झाला असं समजून दोन दिवस तेच करते आहे. चार कोपऱ्यांखाली कागदाच्या घड्या घालते, काढते. पाट सरळच आहे. सुदर्शनला पुन्हा फोन केला आणि बोलू नये तसं बोलले. "तुमच्या भट्टीत काहीतरी गडबड आहे, तुम्ही कबूल करत नाही," असं म्हणाले. तो मग म्हणाला, "ताई, पुढचं मेण आलं की ओतायच्या आधी फोटो पाठवतो. माप लावून पाठवतो. मग तुम्हीच सांगा." त्याच्या जागी मी असते तर फोन ठेवून दिला असता.

संध्याकाळी आप्पांना म्हणाले की मशीन लातूरला परत देऊ. मला जमत नाही. काकूंच्या नाती नऊ आणि सात वर्षांच्या आहेत. शाळेत पळतील, झाडावर चढतील. काकूंनी बसमध्ये पदरात लिंग झेललं. त्या पोरींना पदर तरी कुठे आहे? माझ्यामुळे एखादीचं लिंग शाळेच्या मैदानात पडलं तर ते मी कुठे आणि कसं भरून काढू?

आप्पा बसल्या जागी हाताची बोटं एकमेकांवर चोळत राहिले, थंडीत चोळतात तशी. मग म्हणाले, "मशीनचा दोष न्हाई गं पोरी."

मशीनचा नाही तर माझा. त्यांनी ते किती हळू सांगितलं. त्यानं जास्तच लागलं.

मंगळवार, २७ जानेवारी

तिसरी जोडी कापली. मापं तीनदा घेतली आणि मोबाईलमध्ये काठाचे फोटो काढून ठेवले. आप्पांनी डबा दुपारच्या गाडीला दिला.

बुधवार, २८ जानेवारी

सुदर्शनचे फोटो आले. हे नीट लिहून ठेवायला हवं, कारण काकूंच्या झाकणाबद्दलच्या त्या पानासारखं मला पुन्हा ऐकीव काही लिहायचं नाही.

माझ्या फोटोत काठावर मशीनच्या रेघा आहेत. बारीक, सारख्या, एकीखाली एक, आडव्या. सुदर्शनच्या फोटोत त्या रेघा नाहीत. त्यांच्या जागी तिरक्या रेघा आहेत, कुठे खोल, कुठे उथळ, एका बाजूला जास्त. त्या कशाच्या आहेत हे मला कुणी सांगायला नको. लहानपणापासून बघते आहे. बारीक कानशीच्या आहेत.

या घरात कानस धरणारे हात दोनच जणांचे. माझे आणि त्यांचे.

सुदर्शनला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या ताई. पर मग उंदीर घरातलाच निघाला म्हणा." आप्पांबद्दल कुणी असं बोललेलं मला सहन झालं नाही, पण त्याला आप्पांचं नाव मीच सांगितलं नव्हतं, त्यामुळे रागावताही येईना. हे मेण ओतू नका, एवढंच सांगितलं. तो म्हणाला, पुढच्या गुरुवारी भट्टी पेटवतो, बुधवारच्या गाडीनं मेण पोचलं पाहिजे. त्यानंतर दीक्षेपर्यंत पुन्हा भट्टी नाही.

गुरुवार, २९ जानेवारी

आज मुद्दाम बघितलं. एक जुनं, वाया गेलेलं मेण आप्पांच्या पाटावर ठेवलं आणि हे पण पाठवायचं आहे असं सांगून पाणी भरायला आत गेले. खोटं बोलले. दाराआडून बापाला बघणं बरं नाही, तरी उभी राहिले.

त्यांनी मेण उचललं. अंगठा काठावरून फिरवला. थांबले. पुन्हा फिरवला. मग खणातून कानस काढली, दोन हात मारले, अंगठा फिरवला, मान हलवली, पुन्हा दोन हात. मेण ते, चांदी नाही. कानस नुसती टेकवली तरी निघतं. हिरवा भुसा त्यांच्या धोतरावर पडत होता. मग गालाला लावलं. मग पुन्हा कानस. तोंडानं "ॐ नमः शिवाय" चालू होतं, पूजेला बसल्यावर असतं तसंच.

मी बाहेर गेले. त्यांनी मेण लपवलं नाही. उलट माझ्यापुढे धरलं.

"सपे, बघ बरं, लागतंय का हाताला?"

मी अंगठा फिरवला. काठ कागदासारखा झाला होता.

"नाही लागत आप्पा."

"गुळगुळीत हाय?"

"हो."

"नक्की? मग ऱ्हाऊ दे?"

ते माझ्या तोंडाकडे बघत थांबले. मला वाटलं परीक्षा घेताहेत. लहानपणी गुंजा मोजल्यावर असंच विचारायचे, नक्की का? आणि मी गडबडले की पुन्हा मोजायला लावायचे. म्हणून मी ठामपणे म्हणाले, "नक्की." त्यांनी कानस खाली ठेवली आणि सुटल्यासारखा श्वास सोडला.

तेव्हाच बोलायला हवं होतं. 

शुक्रवार, ३० जानेवारी

ते असं का करतात, यावर दिवसभर विचार केला. मशीनचा राग असेल तर ती आणली कशाला? माझ्या कामाला आपला हात लागल्याशिवाय ते आपल्या दुकानाचं वाटत नसेल. चाळीस वर्षं प्रत्येक काठावर त्यांनी स्वतः हात फिरवला, आता एकदम बघत बसायचं म्हणजे अवघड आहे. असंच असेल. दुसरं कारण मला दिसत नाही.

माझ्या गळ्यातली करडगी त्यांनीच केली, माझ्या दीक्षेला. सकाळी लिंग तळहातावर घेऊन पूजा झाली आणि झाकण लावलं, तेव्हा मुद्दाम कान देऊन ऐकलं. टक. हा आवाज ज्यांनी काढला त्यांना मी काठाबद्दल काय सांगू?

रविवार, १ फेब्रुवारी

अव्वाशी बोलले. ती तूर पाखडत होती. म्हटलं, आप्पा मेणावर कानस मारतात, त्यानं झाकण सैल होतंय, तू त्यांना सांग.

"मी सांगू? माझं ऐकतेत व्हय ते?"

"तुझं नाही तर कुणाचं?"

"तुझं ऐकतील. तूच सांग. आन् सांगशील तवा दवाखान्याचं पण सांग."

मग तिचं बोलणं भलतीकडेच गेलं. आप्पांची साखर वाढलीय, औषध अर्धंच घेतात. परवा बाजारातून आले तर एका पायात चप्पलच नव्हती, कुठं निसटली ते त्यांना ठाऊकच नाही, घरी येऊन तिनं दाखवल्यावर कळलं. शर्टाची गुंडी तिला लावावी लागते. "बोटं झोपल्यात म्हणतेत. आता बोटं झोपत्यात का कुणाची? आळस हाय निस्ता." मी म्हटलं, अव्वा, मी झाकणाचं बोलतेय. ती म्हणाली, मी पण त्येच बोलून राहिले, आणि सूप घेऊन आत गेली. दमलीय ती पण. दवाखान्याचं दीक्षा झाल्यावर बघू.

आता माझं मलाच बोलायचं आहे.

मेण त्यांना न दाखवता मी स्वतः गाडीनं नांदेडला घेऊन जाऊ शकते. डबा ओढणीत लपवून. वाटेतल्या लोहा गावापर्यंत मनाला सांगत राहीन की बापाचा मान राखायला हे केलं, आणि नांदेड येईतो ते मलाच पटेनासं होईल. शिवाय त्यांना कळेलच. मिठाईचा डबा ते रोज रिकामा करून, पुसून ठेवतात.

दुसरा मार्ग म्हणजे काठ इतका जाड कापायचा की त्यांनी घासून घासून तो बरोबर व्हावा. काल हे करायलाही बसले होते. चित्रात काठ वाढवला, मग पुन्हा कमी केला. त्यांच्या कानशीचा हिशोब माझ्या कॉम्प्युटरला येणार नाही, आणि त्यांना न सांगता त्यांच्या हाताचा असा हिशोब धरणं हे लपवण्यापेक्षा वाईट वाटलं.

"आप्पा, कानस लावू नका." असं म्हटलं तर हुकूम होतो. "आप्पा, यावेळी असंच पाठवू या का?" असं म्हटलं तर ते म्हणतील, पाठवू की, आणि सवयीनं खण उघडतील. पाटावर त्यांच्यासमोर बसायचं. दोन्ही फोटो दाखवायचे, आधी माझा, मग सुदर्शनचा. मशीनच्या रेघा आणि कानशीच्या रेघा. काकूंचं झाकणही यामुळेच उघडलं असेल, हेही सांगायचं. ते सांगताना माझा आवाज चढता कामा नये आणि रडू येता कामा नये. मग म्हणायचं, मेणाला आता कुणीच हात लावायचा नाही, मीही नाही. चांदी होऊन आली की कानस तुमची, पॉलिश तुमचं, आणि झाकण बसलं की नाही हे आपण दोघं बसून बघू, तुमचा हात आणि माझा हात.

ते काय म्हणतील? उठून जातील. किंवा हसतील. किंवा गुरुवारसारखे माझ्या तोंडाकडे बघत थांबतील. तरीही खण उघडू द्यायचा नाही.

उद्या वडी बसवते. वीज राहिली तर दोन्ही करडग्या मंगळवारी संध्याकाळपर्यंत कापून होतील. मंगळवारीच बोलले तर रात्रभर ते मनात घेऊन बसतील, अव्वालाही झोप नाही. गाडी दुपारची आहे. सकाळी त्यांची पूजा होते, मग चहा, मग ते डबा मागतात.

तर बुधवारी. चार फेब्रुवारीला सकाळी, त्यांचा चहा झाल्यावर, डबा मागायच्या आत.